उकाड्याच्या रात्री झोप कशी लागेल?

(शेतकरी बंधू-भगिनींसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



भाताचं बियाणं, राब, खताची मात्रा, जनावरांचे आजार यांवर आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आज मी झोपेबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, झोपेचा आणि शेतीचा काय संबंध? तर असं बघा. चैत्र-वैशाखात आपल्या पनवेल तालुक्यात शेतावरची कामं काही थांबत नाहीत. राबभाजणी असते, बांधबंदिस्ती असते, शेणखत वाहून न्यायचं असतं, पावसाळ्याची लाकडं भरून ठेवायची असतात. रात्र नुसती कूस बदलण्यात गेली तरी दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला जळत्या राबाशेजारी उभं राहावं लागतं. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवावं लागतं. ते निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवसाच्या थकव्यावर येऊन पडतं. अशा तीन-चार रात्री लागोपाठ गेल्या की धडधाकट माणसालाही घेरी येते. म्हाताऱ्या माणसांची आणि तान्ह्या मुलांची तर गोष्टच वेगळी.

वातानुकूलित यंत्र, म्हणजे एसी, घ्या असं मी सांगणार नाही. ते ज्याला परवडेल त्याने घ्यावं. पण दीड टनाचा एसी रात्रभरात सात-आठ युनिट वीज सहज खातो आणि वीज गेली की तो भिंतीवरची शोभा होतो. आपल्याला त्याच्याशिवाय झोपायचं आहे, आणि ते जमण्यासारखं आहे. फक्त आपला उकाडा कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखलं पाहिजे.

उन्हाळा सगळीकडे सारखा नसतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण तिकडची हवा कोरडी. दुपारी हवेतला दमटपणा २०-२५ टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून तिकडे दाराला वाळ्याचा पडदा बांधून त्यावर पाणी मारलं की खोली गार होते. कूलरही तिथे उत्तम चालतो. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. किती घेतं? एक लिटर पाणी सुकताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्या उष्णतेवर बर्फासारखं गार असं जवळजवळ सहा लिटर पाणी उकळीला आणता येईल. आपल्या अंगावरचा घाम हेच काम करतो.

आता आपल्याकडे काय होतं? पश्चिमेला खाडी, पलीकडे समुद्र. हवा आधीच पाण्याने भरलेली. पारा ३५-३६ वर असला तरी घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम शरीराला गारवा देत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. अशा हवेत बंद खोलीत कूलर लावला, जमिनीवर पाणी शिंपडलं, ओल्या चादरी टांगल्या, तर पहिली पंधरा मिनिटं बरं वाटतं आणि मग खोलीची भट्टी नसली तरी मोदकपात्र होतं. विदर्भातल्या पाहुण्याने सांगितलं म्हणून कूलर आणणारे पुष्कळ जण दुसऱ्या वर्षी त्यावर कपडे वाळत घालतात. तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की धरा. कोकणात घराच्या आत ओलावा वाढवायचा नाही. इथे दोनच गोष्टी उपयोगी पडतात. दिवसा छपराला ऊन लागू द्यायचं नाही, आणि रात्री अंगाला वारा लागू द्यायचा.

दमट उन्हाला कमी लेखू नका, हेही याच ओघात सांगतो. हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करतं ती पारा किमान ४० अंशांवर गेल्यावर. किनारपट्टीला मात्र हीच मर्यादा ३७ अंशांची आहे, आणि दोन्हीकडे तो नेहमीच्या मानाने बराच वर गेलेला असावा लागतो. ही तीन अंशांची सवलत उगीच दिलेली नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच तालुक्यात, खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानात झाला. त्या दिवशी पारा सुमारे ३८ अंशांवर होता. विदर्भातला माणूस त्याला मोठं ऊन म्हणणार नाही. तरी उष्माघाताने १४ माणसं दगावली.

आता छपराकडे वळू. आपल्या जुन्या घराला कौलं होती. आधी नळीची, मग मंगलोरी. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कौलारू छपराच्या फटीफटीतून गरम हवा वर निघून जाते, उंच आढ्यामुळे तापलेली हवा माणसाच्या डोक्याच्या बरीच वर राहते, आणि सूर्य मावळला की कौल लवकर निवतं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सिडको आली, जमिनी गेल्या, साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले आणि गावोगाव कौलं उतरवून स्लॅब पडले. स्लॅब वाईट नाही. पावसाला, वादळाला तो पक्का. पण त्याचा स्वभाव ठाऊक हवा. सिमेंट-काँक्रीट हळूहळू तापतं आणि हळूहळूच निवतं. दुपारी दोनचं ऊन स्लॅबमधून खाली उतरतं ते दिवेलागणीच्या सुमारास, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत उतरत राहतं. रात्री अकरा वाजता स्लॅबच्या पोटाला हात लावून बघा, कळेल. तुम्ही पंखा वाढवता तेव्हा तो वरची तीच गरम हवा तुमच्या अंगावर ढकलत असतो.

म्हणून स्लॅबचा इलाज रात्री नाही, दिवसा करायचा. सर्वांत सोपा आणि स्वस्त म्हणजे चुना. पांढऱ्या रंगावर पडलेलं ऊन बरंचसं परत जातं, काळपट शेवाळलेला स्लॅब ते पिऊन टाकतो. होळी झाली की गच्ची झाडून, शेवाळ खरवडून काढा. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवा, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळा, त्यात थोडा सरस किंवा डिंक घाला म्हणजे तो धरून राहील. एक हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. कळीचा चुना पाण्यात पडला की उसळतो, तेव्हा पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. पोरांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. पावसाळ्यात हा चुना धुऊन जातो. जाऊ द्या, पुढच्या होळीला पुन्हा. मात्र गच्चीचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या. ज्याच्या हातात पैसा आहे त्याने पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करून घ्यावा, त्याने ऊनही परततं आणि गळतीही थांबते. अहमदाबाद शहरात मे २०१० च्या लाटेत फार माणसं गेली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. खोलीतली उष्णता यामुळे दोन-तीन अंशांनी उतरते. ऐकायला हे थोडं वाटतं, पण झोप लागणं आणि न लागणं यात तेवढाच फरक असतो.

पावसासाठी गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची पद्धत आता सगळीकडे झाली आहे. ती उन्हालाही उपयोगी आहे, कारण ऊन पत्र्यावर पडतं आणि स्लॅब सावलीत राहतो. फक्त शेडच्या बाजू बंद करू नका, मधून वारा वाहिला पाहिजे.

ज्यांचं राहतं घरच पत्र्याचं आहे, त्यांचे हाल जास्त. गंजका पत्रा भर उन्हात ६० अंशांपर्यंत तापतो आणि खाली माणूस भाजून निघतो. त्याचं एक बरं, की सूर्य मावळल्यावर तो झटकन निवतो. लोखंडी पत्र्याला चुना लावू नका, जस्ताचा थर खराब होतो. गंज घासून, खालचा हात देऊन पांढरा ऑईलपेंट लावा. सिमेंटच्या पत्र्याला चुना चालेल, पण त्यावर थेट पाय देऊ नका. फळी टाकून, वजन विभागून चढा. पत्रा फुटून माणूस खाली आल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. आतल्या बाजूने पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचं किंवा गोणपाटाचं छत बांधा आणि त्या पोकळीची दोन्ही टोकं उघडी ठेवा. नारळाच्या झावळ्या पत्र्यावर टाकल्या तरी मोठा फरक पडतो. पेंढा मात्र टाकू नका. चुलीची एक ठिणगी पुरते.

आणि लग्नसराईत अंगणात मांडव घालता ना? लग्न झालं की दुसऱ्या दिवशी तो मोडू नका. मिरग लागेपर्यंत राहू द्या. दाराशी सावली राहिली की घरात येणारा वाराच निम्मा गार होऊन येतो. पश्चिमेच्या भिंतीला तिसऱ्या प्रहरापासून ऊन खावं लागतं. तिथे न्हाणीच्या सांडपाण्यावर दुधीचा किंवा दोडक्याचा वेल चढवला तर भिंतीला सावली आणि घराला भाजी. वेल फाल्गुनात वर गेलेला हवा, म्हणजे बी पौष-माघातच टोचलं पाहिजे.

आता वाऱ्याचं. आपल्याकडे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो, तो खारा वारा. सूर्य मावळला की तो पडतो. रात्रीचे पहिले दोन प्रहर पान हलत नाही, आणि हाच खरा छळाचा वेळ. मग पहाटेच्या सुमारास माथेरान-प्रबळगडाच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून, हलका मतलई वारा सुटतो. घराला पूर्वेची खिडकी नसली, किंवा ती कपाट लावून बंद केली असली, तर हा फुकटचा वारा दारावरून परत जातो. आमच्या वाडवडिलांनी पुढचं दार आणि परसदार एका रेषेत ठेवलं होतं ते काही केवळ शास्त्र म्हणून नव्हे. नवं घर बांधताना आराखडा करणाऱ्याला हे सांगा. खिडकी खाली आणि झरोका वर असू द्या. गरम हवा हलकी असते, ती वरच्या झरोक्यातून गेली तरच खालून गार हवा आत येणार. वर वाट नसलेली खोली म्हणजे पालथं घातलेलं मडकं.

जाड मातीच्या किंवा दगडी भिंतीचं घर असेल तर भर दुपारी उन्हाकडच्या खिडक्या झाकून ठेवा आणि संध्याकाळी सगळं उघडा. पत्र्याच्या घराला हा नियम लावू नका, ते दिवसरात्र उघडंच बरं.

पंख्याबद्दल दोन शब्द. आपल्या कातडीचं तापमान ३४-३५ अंश असतं. पनवेलच्या रात्री साधारण २५ ते २८ अंशांच्या. म्हणजे बाहेरची हवा अंगापेक्षा गारच असते, ती अंगावरून फिरली पाहिजे एवढंच. म्हणून आपल्याकडे पंखा रात्री नेहमीच उपयोगी. स्लॅबच्या घरात मात्र छताच्या पंख्यापेक्षा टेबलपंखा चांगला. संध्याकाळी अर्धा तास तो खिडकीत बाहेर तोंड करून लावा, म्हणजे खोलीतली गरम हवा फेकली जाईल. दुसरी खिडकी किंवा दार उघडं हवं. मग झोपताना तोच पंखा खिडकीजवळ, आत तोंड करून, अंथरुणाच्या उंचीवर ठेवा. नव्या पद्धतीचे पंखे साधारण ३० वॅटचे येतात, जुना ७५ वॅट घेतो. बॅटरीवर चालवायचा असेल तर हा फरक मोठा आहे.

गच्चीवर पाणी मारावं का, असं विचारतात. घराबाहेर, सूर्य कलल्यावर, वारा असेल तर मारावं. वाफ बाहेरच्या बाहेर जाते आणि स्लॅब निवतो. पण मे महिन्यात आपल्या कित्येक आदिवासी वाड्यांवर प्यायला पाणी नसतं. तेव्हा भांडी विसळलेलं, कपडे खळबळलेलं पाणी वापरा, चांगलं नको.

अंथरूण. कापसाची जाड गादी अंगाखाली तापते आणि घाम धरून ठेवते. फोमची गादी त्याहून वाईट. उन्हाळ्यापुरती ती गुंडाळून ठेवा. काथ्याची किंवा नवारपट्टीची बाज काढा, त्यावर चटई आणि वर धुवट सुती लुगड्याची घडी. बाजेच्या खालूनही वारा लागतो, पाठ कोरडी राहते. अंगावर टेरिकॉट, नायलॉन नको; जुनं मऊ सुती धोतर किंवा पातळ बरं. झोपण्याआधी तासभर साध्या पाण्याने अंघोळ करा. बर्फाच्या पाण्याने नको, कारण त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ते उतरतं हातापायांच्या तळव्यांमधून. पाय धुऊन झोपायची आपली जुनी रीत आहे तिच्यात हे शहाणपण आहे. मध्यरात्री जाग आली तर पंचा भिजवून, घट्ट पिळून पोटऱ्यांवर आणि मानेवर फिरवा आणि वाऱ्यात पडा. अंग ओलं आणि हवा हलती, एवढं जमलं पाहिजे.

संध्याकाळचं जेवण दिवस असतानाच, हलकं. पेज, सोलकढी, भात-ताक. चूल शक्यतो पडवीत किंवा परसात. दिवसभर कोकमाचं सरबत, कैरीचं पन्हं, मीठ घातलेली पेज पोटात जाऊ द्या. तहान रात्री एकदम भागवता येत नाही. ताडी-माडीने झोप लागते असं काही मंडळी सांगतात. लागते, पण मोडते लवकर आणि अंगातलं पाणी जातं ते वेगळंच.

आता जी गोष्ट सांगायला मी मुद्दाम वेळ राखून ठेवला ती ऐका. उकाडा असह्य झाला की माणूस काय करतो? गार लागते म्हणून जमिनीवर सतरंजी टाकून ओटीवर, अंगणात आडवा होतो. आणि इथेच घात होतो. मण्यार ही रात्री फिरणारी जात. उंदीर, पाली, दुसरे साप शोधत ती घरात, अंगणात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा चावा दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणून. मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत. बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात पहाटे अशी लक्षणं दिसली तर अपचन समजून ओवा देत बसू नका. कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. ताबडतोब दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर चालणारी एकच लस आहे. मुंबईची हाफकिन संस्था ती तयार करत आली आहे. विंचवासाठीही आता वाट आहे. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि विंचू चावून मरणाऱ्यांची संख्या फार खाली आली.

यावर उपाय अवघड नाही. बाजेवर झोपा, पाय चांगले हातभर उंच. मच्छरदाणी लावा आणि तिची कड अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. नेपाळच्या तराईत असं आढळलं की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश पुष्कळ कमी होतो. डास आणि हिवताप तर टळतोच. मच्छरदाणीत वारा लागत नाही ही तक्रार खरी आहे. जाड सुती कापडाची असेल तर लागणारच नाही. मोठ्या छिद्रांची नायलॉनची घ्या आणि पंखा जवळ ओढा. बंद खोलीत डासांची अगरबत्ती जाळून झोपण्यापेक्षा हे शंभर वाट्यांनी बरं. बाजेजवळ लाकडाचा ढीग, उंदरांची बिळं, धान्याची पोती नकोत. रात्री उठताना आधी बॅटरी, मग पाय. गच्चीवर झोपायचं असेल तर कठडा कमरेपर्यंत हवा आणि पोरं मधे.

घरातली म्हातारी माणसं उकाड्याची तक्रार करत नाहीत. त्यांना तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यांची बाज सर्वांत वाऱ्याच्या जागी असू द्या, आणि रात्री एकदा उठून अंगाला हात लावून बघा. अंग चटके बसण्याइतकं तापलंय, बोलणं असंबद्ध आहे, हाकेला ओ देत नाहीत, तर तो साधा ताप नव्हे. उष्माघात आहे. थंडीतापाची गोळी देऊ नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, पंख्याने, सुपाने, हाताला येईल त्याने वारा घाला. शुद्धीवर असतील तरच घोट घोट पाणी द्या, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. नुसता अशक्तपणा आणि पायात गोळे येत असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडं थोडं पाजत राहा. चमचा चहाचा घ्यायचा, मोठा नव्हे. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून आधी चव घेऊन बघा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये.